खारा वारा आणि रस्त्यावरचा दिवा

पालघर जिल्ह्यातल्या वरोरच्या किनाऱ्यावर लोखंडाला आयुष्य कमी. होडीच्या नांगराची साखळी, ओट्याची ग्रिल, दाराची कडी, सायकलचा मडगार्ड, ज्याला ज्याला खारा वारा लागतो त्याच्या अंगावर बघता बघता पोपडे धरतात. बोंबील वाळवायच्या वलांड्या इथे बांबूच्या असतात, त्याला स्वस्ताई हे एकच कारण नसावे. शिवाय चिंचणी, वरोर, वाढवण हा पट्टा डायमेकिंगचा. दागिन्यांच्या डाय पोलादात कोरणाऱ्या कारागिरांना कुठल्या धातूवर कानस कशी चालते हे सांगावे लागत नाही. एवढी धातूची जाण असलेल्या भागातही दिव्याच्या खांबाचा विषय निघाला, की वाद ‘लोखंडी की सिमेंटचा’ इथे सुरू होतो आणि इथेच संपतो.

हा विषय आता वारंवार निघणार आहे. वाढवण बंदराला १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, खर्चाचा आकडा ७६,२२० कोटी रुपये. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये पायाभरणीही झाली. बंदराला मुंबई–अहमदाबाद महामार्गाशी तवा इथे जोडणारा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता आखला आहे. बंदराला किनाऱ्यावरच्या गावांचा विरोध आहे, तो वाद वेगळा आणि मोठा. पण बंदर आणि रस्ता आले, की त्यांच्या मागोमाग एनए प्लॉट, बंगल्यांच्या वसाहती, चार मजली इमारती येतात. अंतर्गत रस्ते येतात आणि रस्त्यांवर दिव्यांचे खांब उभे राहतात. ते कशाचे असावेत हे आजवर बिल्डरच ठरवत आला, आणि पाच-सहा वर्षांनी रहिवासी वर्गणी काढून ते बदलत आले.

बिल्डर आणि रहिवाशांच्या बैठकीतले संवाद सगळीकडे साधारण सारखेच असतात. माहितीपत्रकावर नक्षीदार, काळ्या रंगाचा, जुन्या मुंबईची आठवण करून देणारा बिडाचा खांब छापलेला असतो. टेम्पोतून उतरतो तो रंगवलेला साधा पाइप. रहिवासी म्हणतात, “शेठ, हे चित्रातले नव्हे.” शेठ म्हणतात, “जीआय आहे, गंजत नाही.” कुणी ज्येष्ठ म्हणतात, “त्यापेक्षा महावितरणसारखे सिमेंटचेच टाका, वर्षानुवर्षे उभे आहेत.” एखादा तरुण मोबाइलवर फायबरचे खांब दाखवतो. तासभर असा जातो आणि खांबाची जाडी किती, हे कुणीच विचारलेले नसते.

‘जीआय’ म्हणजे नेमके काय?

सगळी गोम या दोन अक्षरांत आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवे. जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेले पोलाद. जस्त स्वतः झिजते आणि आतल्या पोलादाला वाचवते. म्हणजे थर जेवढा जाड, तेवढी खांबाला वर्षे जास्त. पण हा थर देण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींना बाजारात जीआयच म्हणतात.

एका रीतीत खांब कापून, वाकवून, वेल्ड करून, भोके पाडून पूर्ण तयार होतो आणि मग अख्खा वितळलेल्या जस्तात बुडवला जातो. हे हॉट डिप गॅल्वनायझिंग. यात आतली बाजू, वेल्डचे सांधे, भोकांच्या कडा या सगळ्यांवर जस्त बसते. आयएस ४७५९ या भारतीय मानकाप्रमाणे २ ते ५ मिलिमीटर जाडीच्या पोलादावर दर चौरस मीटरला निदान ४६० ग्रॅम जस्त हवे, म्हणजे साधारण ६५ मायक्रॉनचा थर. ५ मिलिमीटर आणि त्याहून जाड पोलादावर ६१० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८६ मायक्रॉन.

दुसऱ्या रीतीत पत्रा कारखान्यातून आधीच जस्त चढवून येतो आणि त्याचा नंतर पाइप वळतात. या प्री-गॅल्वनाइज्ड पत्र्याचा बाजारातला नेहमीचा प्रकार घेतला, तर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त, म्हणजे एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन. वर वेल्डिंग झाले की त्या जागेचे जस्त जळून जाते ते वेगळेच. तिथे चांदीसारखा रंग फवारला की उघड्या डोळ्यांना फरक कळत नाही.

आता हे आकडे वरोरच्या हवेत ठेवून पाहू. हवा धातूला किती खाते याची प्रतवारी आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकात आहे, सी-१ पासून सी-५ पर्यंत आणि त्याहीपुढे सीएक्स. समुद्राच्या वाऱ्यावर उघडी असलेली जागा बहुधा सी-५ मध्ये धरतात. त्या वर्गात जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजते. भागाकार सोपा आहे. ६५ मायक्रॉनचा थर सुमारे ८ ते १५ वर्षे पुरतो. २० मायक्रॉनचा अडीच ते पाच वर्षे. दोन्ही खांब ‘जीआय’, दोन्हींच्या बिलावर तेच लिहिलेले.

याची खात्री करायला प्रयोगशाळा लागत नाही. थराची जाडी मोजणारे खिशात मावेल एवढे मीटर असते; रंगकाम तपासणाऱ्या अभियंत्याकडे किंवा बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम केलेल्या एखाद्या तपासनिसाकडे ते मिळू शकते. मीटरचे टोक खांबाला टेकवले की आकडा दिसतो. एका खांबावर पाच ठिकाणी मोजावे आणि त्यातली एक जागा वेल्डच्या सांध्याजवळची घ्यावी. एक काळजी मात्र हवी. हे मीटर जस्त आणि रंग दोन्हींची मिळून जाडी सांगते. म्हणून मोजणी रंग देण्याआधी करायची. खांब रंगवूनच साइटवर आणण्याची घाई कुणी करत असेल, तर ती घाई का, हे विचारायला हरकत नाही. गॅल्वनायझिंग केलेल्या कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्रही मागावे, आणि त्यावरचा लॉट क्रमांक खांबांवरच्या क्रमांकाशी जुळतो का तेही पाहावे.

जस्तावर योग्य प्राइमर आणि रंग दिला, तर दोन्ही थर एकमेकांना सांभाळतात, आणि खांबाचे आयुष्य दोघांच्या वेगवेगळ्या आयुष्यांच्या बेरजेपेक्षाही जास्त निघते. किनाऱ्यावर पोलादी खांबच घ्यायचा असेल, तर एवढे करणे भाग आहे. नुसता रंगवलेला एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा, पाइप समुद्रापासून दूर, कोरड्या हवेत चालून जाईल. वरोरला नाही.

बाकीचे उमेदवार

सिमेंटचा खांब म्हणजे पीएससी, आत ताणलेल्या पोलादी तारा आणि बाहेर काँक्रीट. ज्येष्ठांचा त्यावरचा विश्वास अगदीच निराधार नाही. चांगला घडवलेला खांब बरीच वर्षे निमूट उभा राहतो. पण तारांवरचे काँक्रीटचे कवच पातळ असते. खारी हवा बारीक चिरांतून आत शिरली, तारेला गंज धरला, की गंज मूळ पोलादापेक्षा जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. खांबावर उभी, सरळ रेषेतली भेग दिसली तर ती बहुधा याची पहिली खूण. ट्रकमधून उतरवताना आपटलेल्या खांबांना केसासारख्या चिरा जातात, म्हणून हे खांब उतरवले जात असताना तिथे कुणीतरी हजर असावे. चिरा पाहायची युक्ती सोपी आहे: खांबावर पाणी शिंपडायचे, पृष्ठभाग सुकू लागला की ओल धरून राहिलेली चीर काळी उठून दिसते.

फायबरचा, म्हणजे एफआरपीचा खांब गंजत नाही. त्यातून वीजही वाहत नाही, हा त्याचा मोठा गुण. भंगारात त्याला भाव नाही, म्हणून चोरही फिरकत नाही. त्याचा शत्रू ऊन. अतिनील किरणांना तोंड देणारा लेप नसेल, तर पृष्ठभाग खडूसारखा पांढुरका होतो आणि काही वर्षांत काचेचे तंतू उघडे पडतात. खांबाच्या बुंध्याशी पालापाचोळा पेटवायची सवय जिथे आहे तिथे हा खांब लावताना दोनदा विचार करावा.

अॅल्युमिनियम किनाऱ्यावर चांगले टिकते, पण ते ओल्या काँक्रीटमध्ये थेट पुरू नये. सिमेंटचा अल्क अॅल्युमिनियम खातो. ते बेस प्लेटवरच उभे करावे आणि खाली डांबरी लेप किंवा प्लास्टिकचा पत्रा द्यावा. स्टेनलेस स्टील देखणे, महागडे. त्यातही ३०४ प्रतीवर समुद्राजवळ तपकिरी डाग उठतात. ३१६ प्रतीत दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते, ती बरी. अख्खा खांब त्याचा करण्यापेक्षा नट-बोल्ट आणि छोट्या दाराचे स्क्रू ३१६चे करावेत, पैसे कारणी लागतील. उलटा प्रकार कधी करू नये. स्टेनलेसच्या मोठ्या अंगाला छोटा जीआय बोल्ट लावला, तर दोन धातूंच्या जोडीत बोल्ट आधी संपतो.

राहिला माहितीपत्रकातला नक्षीदार बिडाचा खांब. मुंबईत गॅसचे दिवे १८६५ साली लागले, तेव्हापासूनचे हे रूप. आज त्या नावाने जे विकले जाते ते पुष्कळदा ओतीव अॅल्युमिनियम असते किंवा पोलादी पाइपावर चढवलेले नक्षीचे कवच. खिशात लोहचुंबक ठेवावा. बिडाला आणि पोलादाला तो चिकटतो, अॅल्युमिनियमला आणि फायबरला नाही. कवच असेल तर ते आणि पाइप यांच्या मधल्या फटीत खारट ओल साठते, आणि आतला पाइप कुणाला न दिसता गंजत राहतो.

बुंधा पाहावा

खांब वरून गंजला तर दिसायला वाईट दिसतो. बुंध्याशी गंजला तर पडतो. कुठल्याही जुन्या खांबापाशी जाऊन गुडघ्यावर बसावे. जमिनीला लागून, काँक्रीटच्या मफिंगच्या, म्हणजे बुंध्याभोवतीच्या कॉलरच्या, जरा वर, एका वितीच्या पट्ट्यात रंग फुगलेला दिसेल. अंगठ्याने दाबले की आत भुसभुशीत लागते, नखाने तपकिरी पापुद्रा सुटतो. वर छातीच्या उंचीवर तोच खांब ठणठणीत असतो. मातीतली ओल, शेवाळ, साचलेली वाळू, रोज ओले आणि सुकणे हे सगळे त्या वितीतच चालते.

आणि कुत्री. जपानमधल्या सुझुका शहरात फेब्रुवारी २०२१मध्ये सिग्नलचा सुमारे सहा मीटर उंचीचा खांब अचानक कोसळला. पन्नासेक वर्षे टिकायचा तो तेविसाव्या वर्षी गेला. पोलिसांच्या प्रयोगशाळेने बुंध्याची माती तपासली, तर जवळच्या दुसऱ्या खांबाच्या तुलनेत तिथे युरिया ४२ पट निघाला. कुत्र्यांना फिरायला नेण्याच्या वाटेवरचा तो खांब होता. वरोरच्या गल्लीतल्या कुत्र्यांना वाटेची अटही नाही.

म्हणून बिल्डरशी बोलताना धातूइतकाच वेळ बुंध्यावर घालवावा. मफिंगचा माथा सपाट नको, बाहेरच्या बाजूला उतरता हवा, म्हणजे पाणी खांबापाशी थांबत नाही. जमिनीच्या वर आणि खाली एकेक फूट डांबरी किंवा इपॉक्सीचा जादा लेप हवा. बेस प्लेट असेल तर बोल्टांवर ग्रीस भरलेल्या टोप्या हव्यात. कोटेशनवर त्या नसतातच. पायाचे काँक्रीट कुठल्या ग्रेडचे, हेही विचारावे. आयएस ४५६ प्रमाणे किनाऱ्याच्या उघड्या हवेतल्या सळईच्या काँक्रीटला किमान एम-३० लागते, लाटांचे तुषार पोचत असतील तिथे एम-३५. अंतर्गत रस्त्याच्या खांबाच्या पायासाठी एवढी चैन कशाला, असे उत्तर मिळाले तर ते लेखी मागावे.

वाऱ्याचाही हिशेब आहे. ३ जून २०२०चे निसर्ग वादळ रायगड-रत्नागिरीत विजेचे खांब आडवे करून गेले. मे २०२१मध्ये तौक्ते याच किनाऱ्याला घासून गुजरातकडे सरकले. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी साधारण १५८ किलोमीटर दिला आहे. खांब आणि पाया कुठल्या वेगासाठी आखला, हे डिझाइनच्या कागदावर लिहिलेले असते. कागदच नसेल तर डिझाइनही नसते.

विजेची बाजू

धातूचा खांब निवडला की अर्थिंगची जबाबदारी सोबत आलीच. पावसाळ्यात खांबाला हात लागून माणूस किंवा जनावर दगावल्याच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. त्यामागे खांबाच्या धातूपेक्षा आतली सोललेली वायर आणि तुटलेले अर्थिंग असते. खाऱ्या जमिनीत अर्थिंगची जीआय पट्टी लवकर खंगते, म्हणून आयएस ३०४३ प्रमाणे केलेल्या अर्थिंगचे मोजमाप दरवर्षी पावसाआधी घ्यायला हवे. फीडर पिलरमध्ये गळती ओळखून वीज तोडणारे आरसीसीबी बसवलेले असावे. जंक्शन बॉक्सचे दार पाणी साचण्याच्या पातळीच्या वर, निदान दीड-दोन फुटांवर हवे, आणि बंद राहायला हवे. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचेच असावे आणि त्याच्या सहीचा चाचणी अहवाल रहिवाशांच्या फाइलला लागावा. फायबरचा खांब यातल्या निम्म्या काळज्या कमी करतो, सगळ्या नाही; वर बसवलेला दिवा धातूचा असला तर त्याला अर्थिंग लागतेच.

कायद्याचा हात कुठे धरायचा

‘दिव्याचे खांब ही बिल्डरची मर्जी’ हा समज रेरा कायदा वाचला की गळून पडतो. २०१६च्या या कायद्यात ‘अंतर्गत विकासकामे’ या शब्दाची व्याख्या कलम २ मध्ये आहे आणि तिच्यात रस्ते, पदपथ, गटारे, बागा यांच्याबरोबर रस्त्यावरचे दिवे स्पष्ट लिहिलेले आहेत. कलम १४ सांगते, की मंजूर आराखडे आणि सामाईक जागांची विनिर्देशने, म्हणजे स्पेसिफिकेशन, बदलायची असतील तर बिल्डरला निदान दोन-तृतीयांश खरेदीदारांची आधी लेखी संमती घ्यावी लागते. एकाने पाच प्लॉट घेतले असले तरी त्याचे मत एकच धरतात. म्हणजे करारात ‘हॉट डिप गॅल्वनाइज्ड’ लिहिले असेल आणि टेम्पोतून रंगवलेला एमएस उतरला, तर तो बदल आहे आणि त्याला संमती लागते. करारात फक्त ‘आकर्षक पथदिवे’ एवढेच असेल, तर मात्र रहिवाशांच्या हातात फारसे काही उरत नाही. आकर्षक या शब्दाचे मायक्रॉन होत नाहीत.

याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामाचा, कामाच्या दर्जाचा किंवा सेवांचा दोष कळवल्यावर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. इथे वरचा भागाकार पुन्हा आठवावा. २० मायक्रॉनचा थर अडीच ते पाच वर्षांत संपतो, म्हणजे दोष मुदतीच्या आत डोकावतो. पण लक्ष ठेवले नाही तर पाचवे वर्ष उलटून जाते. उलट, बऱ्यापैकी खांब सातव्या-आठव्या वर्षी कुरबुर सुरू करतो, तेव्हा ही मुदत संपलेली असते. म्हणून पाच वर्षांच्या हमीवर विसंबण्यापेक्षा करारातला मजकूर घट्ट असलेला बरा.

प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरहून मोठी आणि घरे किंवा प्लॉट आठाहून जास्त असतील, तर महारेराची नोंदणी सक्तीची. नुसत्या प्लॉटिंगलाही ती लागते. पालघर जिल्ह्यातल्या प्रकल्पांचा नोंदणी क्रमांक पी-९९० ने सुरू होतो. त्या क्रमांकावरून बिल्डरने स्वतःच भरलेली माहिती वाचता येते, बैठकीआधी ती छापून न्यावी. बोलणी फिसकटली तर महारेराचा सलोखा मंच आहे. तिथे जायला दोन्ही पक्ष राजी लागतात. ते नाही जमले तर कलम ३१ खाली तक्रार, शुल्क ५,००० रुपये. वीस घरांत वाटले तर एका घराला अडीचशे.

गावठाणातल्या, ग्रामपंचायतीच्या रस्त्यावरच्या खांबांना हा कायदा लागत नाही. तिथे ग्रामसभा. वरोर ज्यात आहे तो डहाणू तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो, त्यामुळे इथे १९९६चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४चे पेसा नियम लागू आहेत आणि ग्रामसभेच्या शब्दाला इतर ठिकाणांपेक्षा जास्त वजन आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या नेहमीच्या सभांपैकी एकीच्या विषयपत्रिकेवर ‘पथदिव्यांच्या खांबांची विनिर्देशने’ असा विषय आधी अर्ज देऊन घालून घ्यावा. ऐनवेळच्या विषयांत तो आला तर चहा येईपर्यंत संपतो.

सरकारी पैशातून खांब लागत असतील तर माहिती अधिकाराची एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. २००५च्या कायद्यात ‘माहितीचा अधिकार’ याच्या व्याख्येतच कामाची पाहणी करणे आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे बसते. दहा रुपयांच्या अर्जावर अंदाजपत्रक, चाचणी अहवाल आणि नमुना हे तिन्ही मागता येते. धातूची पारख असलेले कारागीर तर या पट्ट्यात शेजारीच राहतात.

आधी एक खांब लावून बघा

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर २०१५ च्या सुमारास सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले गेले. वीज वाचणार होती, कागदावर सगळे ठीक होते. पण रात्री दिसणारा दिव्यांचा ‘राणीचा हार’ फिका पडला, रहिवासी आणि नेहमीचे फिरणारे चिडले, राजकीय पक्षांत जुंपली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि शेवटी पिवळसर छटा परत आणावी लागली. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमध्ये उरलेल्या २९९ गॅसच्या दिव्यांचे एलईडी करण्याच्या बेतावरही रहिवासी असेच उठले. दोन्हीकडे भांडण झाले ते दिवे दिसल्यावर किंवा निर्णय होऊन गेल्यावर.

म्हणून संपूर्ण ऑर्डर जाण्याआधी एक नमुना खांब उभा करायला सांगावा, तोही कार्यालयाच्या दाराशी नको, समुद्राकडच्या टोकाला. पंधरा रात्री तो जळू द्यावा. उजेडाचा रंग, उंची, शेजारच्या खिडकीत येणारा झोत, वाऱ्यात होणारी थरथर हे सगळे त्या पंधरा दिवसांत कळते. मान्य झालेल्या नमुन्याचा फोटो, जाडीचे आणि थराचे आकडे यांवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात.

आता पैशाचे गणित, कारण बिल्डरचा आक्षेप तिथेच असतो. पुढचे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवायला घेतले आहेत. प्रत्यक्षात आपापली कोटेशने मांडावीत. समजा रंगवलेला एमएस खांब १२,००० रुपयांना पडतो. पंधरा वर्षांत सहा वेळा रंग, दर वेळी १,५०० प्रमाणे ९,००० रुपये. आठव्या वर्षी बदलावा लागला तर बसवण्यासकट १७,०००. एकूण ३८,०००. जाड जस्त आणि वर रंग असलेला खांब २०,०००चा, दोनदा रंग ३,०००चा. एकूण २३,०००. वीस खांबांचे ७ लाख ६० हजार आणि ४ लाख ६० हजार. पण पहिल्या प्रकारात बिल्डर २ लाख ४० हजार देऊन मोकळा होतो आणि ५ लाख २० हजार रहिवाशांच्या गळ्यात पडतात. दुसऱ्यात बिल्डरला ४ लाख लागतात, रहिवाशांना ६० हजार. बिल्डर खोटे बोलत नसतो. त्याचा खांब त्याच्यापुरता खरोखर स्वस्त असतो.

यातून वाटही निघते. फरक १ लाख ६० हजारांचा आहे, तो निम्मा-निम्मा वाटून घ्यायची तयारी रहिवाशांनी दाखवली तरी त्यांचे ३ लाख ८० हजार वाचतात. किंवा सगळीकडे एकच खांब हवा हा हट्ट सोडावा. खारे कण किनाऱ्यालगतच्या पहिल्या काहीशे मीटरांत सर्वांत जास्त पडतात. समुद्राकडच्या रांगेला फायबर किंवा जाड जस्ताचे रंगवलेले खांब, आतल्या, झाडांच्या आडोशाच्या गल्लीत साधे हॉट डिप, असा तोडगा तांत्रिकदृष्ट्या चोख आहे आणि बिल्डरलाही झेपतो.

ठरले की लगेच लिहून घ्यावे. मजकूर काहीसा असा: “खांब पोलादी, अष्टकोनी, पत्र्याची जाडी निदान ३ मिलिमीटर, सर्व कापकाम, वेल्डिंग व भोके झाल्यानंतर आयएस ४७५९ प्रमाणे हॉट डिप गॅल्वनायझिंग, जस्त निदान ४६० ग्रॅम प्रति चौरस मीटर, त्यानंतर जस्तावर चालणारा प्राइमर व रंगाचे दोन हात, बुंध्याला जमिनीच्या वर व खाली ३०० मिलिमीटर इपॉक्सी लेप, साइटवर वेल्डिंग करू नये, रंगापूर्वी थराची मोजणी खरेदीदारांच्या प्रतिनिधीसमोर, दहा वर्षांत बुंध्याशी गंज दिसल्यास खांब विनामूल्य बदलून देणे.” शेवटच्या वाक्यावर बिल्डर अडेल. दहाचे आठ झाले तरी सोडू नये. वाक्य मात्र राहिले पाहिजे.

वसाहत सोसायटीकडे किंवा रस्ते ग्रामपंचायतीकडे जाताना प्रत्येक खांबावर क्रमांक रंगवून घ्यावा आणि एका वहीत त्या क्रमांकापुढे बुंध्याचा फोटो, थराची जाडी आणि अर्थिंगचा आकडा नोंदवावा. बुंध्याची पुढची नोंद दरवर्षी कोजागरीच्या आसपास, पाऊस सरल्यावर. पावसात खांब धुतले जातात, खरे मीठ बसते ते नोव्हेंबर ते मे. तेही सगळीकडे सारखे नाही. पाऊस जिथे नीट पोचत नाही ती दिव्याच्या खालची बाजू, दाराच्या झडपेमागची जागा आणि खांबाची आडोशाची बाजू आधी गंजते. गोड्या पाण्याचा पाइप धरून हिवाळ्यात एकदा आणि शिमग्यानंतर एकदा खांब धुवून काढले, तर जस्ताची झीज कमी होते. त्याला एक माणूस, एक सकाळ आणि विहिरीचे पाणी एवढेच लागते. फक्त त्या आधी फीडर पिलरचा मेन स्विच बंद करून चावी धुणाऱ्याच्या खिशात असू द्यावी.